आधी हात, मग अक्षर

‘मॉन्टेसरी’ हा शब्द आपल्या शहरांत इतका रुळला आहे, की ते एका बाईचे आडनाव होते, हेही अनेकांच्या ध्यानात येत नाही. मूल डोक्याने शिकण्याआधी हातांनी, पायांनी, साऱ्या शरीराने शिकते, हे विसाव्या शतकाच्या आरंभी प्रत्यक्ष वर्गात दाखवून देणाऱ्या डॉ. मारिया मॉन्टेसरी यांच्या आयुष्याचा हा मागोवा.

१९०७ सालचा डिसेंबर महिना. रोममधल्या सान लोरेन्झो या कष्टकऱ्यांच्या वस्तीतील एका चाळवजा इमारतीच्या गच्चीवर काही मुले खेळत होती. हिवाळा असूनही छान ऊन पडले होते. मुलांसोबत आलेल्या डॉक्टर बाई धुराड्याजवळ टेकल्या होत्या. शेजारी बसलेल्या पाचेक वर्षांच्या मुलाच्या हाती खडू देऊन त्यांनी त्याला समोरच्या धुराड्याचे चित्र काढायला सांगितले. मुलाने गच्चीच्या फरशीवर ते बऱ्यापैकी काढले. बाईंनी शाबासकी दिली. मुलगा क्षणभर थांबला आणि एकाएकी आनंदाने ओरडू लागला, की आपल्याला लिहिता येते! लगेच गुडघे टेकून त्याने फरशीवर ‘हात’ या अर्थाचा इटालियन शब्द लिहिला. मग ‘धुराडे’ लिहिला, मग ‘छप्पर’. त्याचा ओरडा ऐकून बाकीची मुले भोवती गोळा झाली. त्यांनीही खडू मागून घेतले आणि त्यांच्यातील काहींनी आयुष्यातले पहिले शब्द तिथेच लिहिले.

यात चमत्कार वाटावा अशी गोष्ट एकच होती. या मुलांना लिहायला कुणी शिकवलेच नव्हते. म्हणजे, त्यांना कुणी पाटी-पेन्सिल घेऊन बसवले नव्हते, की एकच अक्षर शंभरदा काढायला लावले नव्हते. मात्र गेले काही आठवडे त्यांची बोटे खरखरीत कागदातून कापलेल्या अक्षरांवरून फिरत होती. अक्षराचे वळण डोळ्यांच्या आधी बोटांना, मनगटाला आणि दंडाला पाठ झाले होते. खडू हाती येताच ते बाहेर पडले, एवढेच. पण या ‘एवढेच’पर्यंत पोहोचायला मारिया मॉन्टेसरी यांना दहा वर्षे लागली होती.

मारियाचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० रोजी इटलीतील आन्कोना प्रांतात, किआराव्हाले या गावी झाला. वडील अलेस्सान्द्रो सरकारी नोकरीत होते आणि तंबाखूच्या कारखान्यांचा कारभार पाहत. आई रेनिल्दे सुशिक्षित, वाचनाची आवड असलेली. वडिलांच्या बदल्यांमुळे कुटुंब आधी फ्लॉरेन्सला आणि १८७५ च्या सुमारास रोमला आले. गणितात गती असलेल्या मारियाने इंजिनीअर व्हायचे ठरवले आणि तेराव्या वर्षी ती मुलांसाठी असलेल्या तांत्रिक शाळेत दाखल झाली. पुढे इंजिनीअरिंगचा विचार मागे पडून तिने वैद्यकशास्त्राची वाट धरली. वडिलांना ती पसंत नव्हती. आई मात्र ठामपणे पाठीशी राहिली.

रोम विद्यापीठात तेव्हा वैद्यक शिकणाऱ्या मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याही नव्हत्या. पुरुष विद्यार्थ्यांच्या बरोबरीने एका तरुणीने उघड्या मृतदेहासमोर उभे राहणे सभ्यपणाचे नाही, असे ठरल्याने मारियाला शवविच्छेदनाचे काम इतर सारे गेल्यावर एकटीने करावे लागे. १८९६ मध्ये ती डॉक्टर झाली. ‘इटलीची पहिली महिला डॉक्टर’ असा त्यांचा उल्लेख बऱ्याच ठिकाणी आढळतो. तो काटेकोरपणे खरा नाही. त्यांच्या आधीही काही स्त्रियांनी ही पदवी मिळवली होती. त्याच वर्षी बर्लिन येथे भरलेल्या महिला परिषदेत इटलीच्या प्रतिनिधी म्हणून त्यांनी स्त्री-पुरुषांना समान वेतन मिळावे, अशी मागणी केली.

पदवीनंतर त्या रोम विद्यापीठाच्या मनोविकार विभागात काम करू लागल्या. त्या कामानिमित्त त्यांना शहरातील वेड्यांच्या इस्पितळांत जावे लागे. त्या काळी ‘मतिमंद’ असा शिक्का बसलेल्या मुलांनाही तिथेच, मोठ्या माणसांच्या सोबतीला कोंडून ठेवलेले असे. तिथला एक प्रसंग त्यांच्या चरित्रात आवर्जून सांगितला जातो. अशा काही मुलांना एका रिकाम्या खोलीत ठेवले होते. जेवण झाले, की ही मुले जमिनीवर पडलेले पावाचे कण वेचायला धावतात, असे तिथली देखरेख करणारी बाई तिरस्काराने सांगत होती. मारिया यांनी खोलीभर नजर फिरवली. तिथे हाताळण्याजोगी एकही वस्तू नव्हती. मुलांचे पोट भरलेले होते. उपाशी होते ते त्यांचे हात. त्या कणांखेरीज त्यांच्या बोटांना काम देणारे काहीच त्या खोलीत नव्हते.

या मुलांवर औषधापेक्षा शिक्षणाचा उपाय हवा, हे मनाशी पक्के होताच त्यांनी जुने ग्रंथ धुंडाळायला सुरुवात केली. दोन फ्रेंच डॉक्टरांनी त्यांना वाट दाखवली. पहिले झां मार्क इतार. आवेरों प्रांतातील जंगलात सापडलेल्या एका रानटी मुलाला माणसांत आणण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी वर्षानुवर्षे खटपट केली होती. दुसरे त्यांचे शिष्य एदुआर सेगँ. बुद्धीने मागे पडलेल्या मुलांना आधी चालणे, तोल सांभाळणे, पकडणे, स्पर्श ओळखणे शिकवावे आणि त्या पायऱ्यांवरून विचारापर्यंत न्यावे, अशी सेगँ यांची पद्धत होती. मारिया यांनी या दोघांचे लेखन पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत स्वतःच्या हाताने इटालियनमध्ये उतरवून काढले. सेगँ यांचा ग्रंथ एकटाच सहाशे पानांहून मोठा होता. प्रत्येक शब्दाचे वजन कळावे म्हणून हा खटाटोप केल्याचे त्यांनी पुढे नमूद केले आहे. हाताने शिकण्याचा पहिला प्रयोग त्यांनी असा स्वतःवरच केला, असे म्हणायला हरकत नाही.

१९०० साली रोममध्ये अशा मुलांच्या शिक्षकांसाठी एक संस्था सुरू झाली आणि तिच्या दोन संचालकांपैकी एक म्हणून डॉ. मॉन्टेसरी यांची नेमणूक झाली. संस्थेला जोडून मुलांची शाळा होती. त्या शाळेतील अकरा वर्षांच्या एका मुलीने त्यांना महत्त्वाचा धडा दिला. मुलीच्या हातांत ताकद होती, बोटे व्यवस्थित हलत होती. पण तिला शिवण काही केल्या जमेना. साधे रफूसुद्धा नाही. सुई एका धाग्यावरून घ्यायची, दुसऱ्याखालून काढायची, हे तिच्या हातांना उमगतच नव्हते. बाईंनी शिवण बाजूला ठेवले आणि तिला कागदाच्या पट्ट्यांची चटई विणायला दिली. तिथेही पट्टी एकीवरून, दुसरीखालून अशीच जाते. चटई छान जमू लागल्यावर पुन्हा सुई-दोरा हाती दिला, तर मुलगी रफू करू लागली!

वरवर पाहता ही गोष्ट क्षुल्लक आहे. पण डॉ. मॉन्टेसरी यांच्या विचाराचा कणा तीच आहे. एखादे काम करायला लावण्यापूर्वी त्या कामातली हालचाल वेगळी काढावी, ती सोप्या आणि आनंदाच्या रूपात हातांना मिळू द्यावी; मग ते काम शिकवावे लागत नाही, हाताला ते आधीच येत असते. शिवणाला जे लागू आहे, तेच लेखनाला का लागू नसावे? त्यांनी लाकडाची सुबक, रंगवलेली वळणदार अक्षरे करवून घेतली आणि मुलांना त्यांवरून बोटे फिरवायला दिली. या शाळेतील काही मुले लेखन-वाचन शिकून सर्वसाधारण मुलांच्या परीक्षेत उत्तीर्ण झाली, तेव्हा साऱ्यांनी बाईंचे कौतुक केले. बाईंना मात्र वेगळाच प्रश्न छळत होता. ही मुले इथवर येऊ शकतात, तर धडधाकट मुलांना त्यांच्या शाळांनी एवढे मागे कसे ठेवले?

याच काळात त्यांच्या खासगी आयुष्यात एक खोल जखम झाली होती. सहकारी डॉक्टर ज्यूसेप्पे मोन्तेसानो यांच्याशी त्यांचे प्रेमसंबंध होते. ३१ मार्च १८९८ रोजी त्यांना मुलगा झाला, मारिओ. लग्न झाले नव्हते. अविवाहित मातेला त्या समाजात डॉक्टर म्हणून उभे राहणेही अशक्य झाले असते. मुलाला रोमजवळच्या खेड्यात एका कुटुंबात वाढायला ठेवले गेले. मोन्तेसानो यांनी १९०१ मध्ये दुसरीशी विवाह केला आणि मारिया ती संस्था सोडून पुन्हा विद्यापीठात शिकायला गेल्या. अधूनमधून त्या मुलाला भेटून येत. पण आपण कोण, हे त्याला सांगत नसत. जगभरच्या मातांना मुलाच्या पहिल्या सहा वर्षांचे मोल सांगणाऱ्या या बाईंना स्वतःच्या मुलाची ती वर्षे लांबूनच पाहावी लागली. त्यांच्या कार्याकडे पाहताना ही बाजू विसरता येत नाही.

धडधाकट मुलांवर आपली पद्धत पारखून पाहण्याची संधी त्यांना मिळाली ती मात्र एका व्यवहारी कारणाने. सान लोरेन्झोमधील पडीक इमारती दुरुस्त करून एका गृहनिर्माण संस्थेने त्यांत गरीब कुटुंबांना घरे दिली होती. आईबाप कामावर गेले, की मागे राहिलेली लहान मुले जिने आणि भिंती खराब करत. दुरुस्तीवर खर्च करण्यापेक्षा मुलांना एका खोलीत सांभाळणे परवडेल, असा हिशेब संस्थेचे प्रमुख एदोआर्दो तालामो यांनी मांडला आणि ते काम डॉ. मॉन्टेसरी यांच्याकडे सोपवले. ६ जानेवारी १९०७ रोजी ‘कासा देई बाम्बिनी’, म्हणजे ‘मुलांचे घर’, सुरू झाले. तीन ते सहा-सात वर्षांची पन्नासच्या आसपास मुले होती. सांभाळायला शिक्षिका नव्हती. इमारतीच्या रखवालदाराची मुलगी होती.

त्या काळच्या शाळांत मुलांना जमिनीला ठोकलेल्या बाकांवर तासन्‌तास बसवत. एवढेच नव्हे, तर बसून बसून पाठीचे कणे वाकू नयेत म्हणून शास्त्रशुद्ध बाक कसे बनवावेत, यावर विद्वानांत चर्चा झडत. डॉक्टर असलेल्या मॉन्टेसरीबाईंना हा प्रकार उफराटा वाटला. मुलाचे शरीर वाकडे करणारे शिक्षण बदलण्याऐवजी बाक बदलणे म्हणजे रोग तसाच ठेवून पट्टी बांधणे होते. त्यांनी मुलांना उचलता येतील अशी हलकी मेजे आणि छोट्या खुर्च्या बनवून घेतल्या. खुर्ची धक्का लागून पडली तर आवाज होई आणि आपली हालचाल चुकली, हे मुलाला आपोआप कळे. त्यासाठी कुणी रागवावे लागत नसे.

या वर्गात बाई शिकवण्यापेक्षा पाहण्याचे काम अधिक करत. तीनेक वर्षांची एक मुलगी लाकडी ठोकळ्याच्या लहान-मोठ्या भोकांत त्या त्या मापाची दंडगोले बसवत होती. बसवायची, काढायची, मिसळायची, पुन्हा बसवायची. बाईंनी तिला खुर्चीसकट उचलून मेजावर ठेवले, भोवती मुलांना गाणे म्हणायला लावले. मुलीने मान वर केली नाही. चाळीसहून अधिक वेळा तोच खेळ करून ती आपल्या आपण थांबली, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर थकवा नव्हता; गाढ झोपेतून उठल्यासारखी प्रसन्नता होती. लहान मुलांचे लक्ष टिकत नाही, हा समज तिने खोटा ठरवला. हाताला नेमके काम मिळाले, तर लक्षही त्या कामावर स्थिरावते.

दुसऱ्या एका दिवशी बाईंनी मुलांना आवाज न करता, रुमालाने नाक कसे शिंकरावे हे सावकाश करून दाखवले. मुलांनी ते एकाग्रतेने पाहिले आणि शेवटी टाळ्यांचा कडकडाट केला. शेंबडे म्हणून मुलांना सारेच हिणवत आले होते, पण नाक कसे साफ करायचे हे त्यांना कुणी दाखवलेच नव्हते. बटणे लावणे, नाड्या बांधणे, पाणी ओतणे, मेज पुसणे ही कामे या शाळेत ‘अभ्यास’ ठरली ती यामुळेच. घरकामाची सवय हा त्यामागचा दुय्यम हेतू होता. स्वतःच्या शरीरावर स्वतःचा ताबा येणे, हा मुख्य.

इथे थोडे शास्त्र समजून घेतले पाहिजे. आपण पाच ज्ञानेंद्रिये मोजतो. परंतु काळोखातही घास नाकात जात नाही, तोंडातच जातो. डोळे मिटूनही आपला हात कुठे आहे हे आपल्याला ठाऊक असते. स्नायू, कंडरा आणि सांधे यांच्यातील सूक्ष्म संवेदक ही खबर मेंदूला सतत पोहोचवत असतात. या संवेदनेला ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी शास्त्रीय नाव दिले ते १९०६ साली, म्हणजे ‘मुलांचे घर’ सुरू होण्याच्या आदल्याच वर्षी. मॉन्टेसरीबाई तिला स्नायूंची संवेदना म्हणत आणि लहान वयात स्नायूंची स्मरणशक्ती सर्वांत तल्लख असते, असे त्यांचे निरीक्षण होते. डोळ्यांवर पट्टी बांधून वस्तू चाचपून ओळखणे, सारख्या आकाराच्या लाकडी पट्ट्यांचे वजन हातावर तोलणे, असे खेळ त्यांनी या संवेदनेसाठीच रचले. जमिनीवर खडूने आखलेल्या लंबगोल रेघेवरून पाऊल न चुकवता चालणे हाही त्यातलाच खेळ.

या साऱ्यांत मुलांना सर्वाधिक प्रिय झाला तो शांततेचा खेळ. एकदा बाईंना अंगणात एक आई भेटली. तिच्या कडेवर चार महिन्यांचे गुंडाळलेले बाळ होते. त्याला घेऊन त्या वर्गात गेल्या आणि याच्याइतके स्तब्ध तुम्हाला राहता येते का, असे त्यांनी मुलांना गमतीने विचारले. मुलांनी हात-पाय आवरले, श्वासही हलका केला. वर्गात अशी शांतता पसरली, की एरवी ऐकू न येणारे आवाज कानी येऊ लागले. पुढे त्या शेजारच्या खोलीतून एकेका मुलाचे नाव कुजबुजत आणि ते मूल चवड्यांवर, कशालाही धक्का न लावता त्यांच्यापाशी येई. शिक्षा म्हणून हाताची घडी घालून बसणे आणि स्वतःच्या इच्छेने निश्चल होणे, यांतला फरक त्या वर्गाने जाणला. शरीर स्तब्ध ठेवणे ही हालचालीवरील प्रभुत्वाची सर्वांत वरची पायरी आहे.

लेखनाचा प्रयोग मुळात बाईंच्या डोक्यात नव्हता. शाळा कोवळ्या मुलांची होती. पण मुलांच्या अडाणी आयांनीच आग्रह धरला, की पोरांना लिहायला शिकवा. पूर्वीसारखी लाकडी अक्षरे करवून घ्यायला पैसे नव्हते. मग बाईंनी सॅण्डपेपरची अक्षरे कापून गुळगुळीत पुठ्ठ्यांवर चिकटवली. तडजोड म्हणून केलेली ही युक्ती मूळ अक्षरांपेक्षा सरस निघाली. बोट अक्षरावर आहे तोवर खरखर लागते, घसरले की गुळगुळीत लागते. चूक दाखवायला शिक्षकाची गरजच नाही. बोट फिरवताना मूल त्या अक्षराचा ध्वनी उच्चारी. काही मुले तर डोळे मिटून अक्षरे चाचपत. दुसरीकडे, धातूच्या आकृत्यांभोवती रेघ काढून आतला भाग रंगीत पेन्सिलीने भरताना पेन्सिल धरण्याचे बळ बोटांत येई. वळण एका वाटेने, पकड दुसऱ्या वाटेने आणि ध्वनी तिसऱ्या वाटेने येत होता. डिसेंबरमध्ये गच्चीवर या तीन वाटा एकत्र आल्या. त्यानंतर मुलांना लिहिण्याचे जणू वेड लागले. दारे, फरशा, इतकेच काय, घरच्या पावाच्या कवचावरही अक्षरे उमटली. वाचन त्यानंतर आले. इटालियन भाषा जवळपास उच्चाराप्रमाणे लिहिली जाते, याचाही या यशात वाटा होता, हे सांगितले पाहिजे.

मराठी वाचकाला इथे आपल्याकडच्या धूळपाटीची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. पाटीवर धूळ पसरून तीत बोटाने अक्षरे गिरवण्याची रीत आपल्या जुन्या शाळांत होती. ‘धुळाक्षरे’ हा शब्द त्यातूनच आला. अक्षर आधी बोटाला शिकवावे, हे आपल्या पंतोजींनाही ठाऊक होते. मात्र तिथे बैठक सक्तीची होती आणि छडी शेजारी होती. मॉन्टेसरीबाईंनी बोटाचे शहाणपण घेतले आणि छडी काढून टाकली.

१९०९ मध्ये त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला, १९१२ मध्ये तो इंग्रजीत आला आणि सान लोरेन्झो पाहायला देशोदेशींची माणसे येऊ लागली. डिसेंबर १९१३ मध्ये अमेरिकेत त्यांचे अपूर्व स्वागत झाले. १९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनात काचेच्या भिंतींचा वर्ग उभारला गेला. प्रेक्षक बाहेरून पाहत आणि आत मुले आपल्या कामात दंग असत. टीकाही झाली. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१४ मध्ये या पद्धतीची चिकित्सा करणारे पुस्तक लिहिले. ठराविक साधनांत मुलाच्या कल्पनाशक्तीला आणि सामाजिक खेळाला वाव कमी मिळतो, हा त्यांचा आक्षेप होता. तो अगदीच निराधार नव्हता. आपल्या साधनांत इतरांनी फेरफार केलेले बाईंना खपत नसे. थोड्याच वर्षांत अमेरिकेतील लाट ओसरली. दरम्यान आईच्या निधनानंतर, १९१३ च्या सुमारास, पंधरा वर्षांच्या मारिओला त्यांनी आपल्यापाशी आणले. पण जगासमोर तो कित्येक वर्षे भाचा किंवा मानलेला मुलगाच राहिला.

मुसोलिनीच्या राजवटीशी त्यांनी जुळवून घेतले, हा त्यांच्या आयुष्यातील सर्वांत अडचणीचा अध्याय. १९२४ पासून सरकारने त्यांच्या शाळांना आश्रय दिला आणि त्यांनी तो स्वीकारला. पण मुलांच्या शरीराविषयीच्या दोन कल्पना एका छपराखाली नांदणे शक्य नव्हते. एका बाजूला रेघेवरून आपल्या लयीत चालणारे मूल, दुसऱ्या बाजूला गणवेश चढवून हुकमाबरोबर पाय आपटणारी मुलांची पलटण. १९३४ मध्ये संबंध तुटले, इटलीतील शाळा बंद झाल्या, बाईंनी देश सोडला. जर्मनीत नाझींनी त्यांच्या शाळांना आधीच टाळे लावले होते. १९३६ मध्ये स्पेनच्या यादवी युद्धामुळे बार्सिलोनाही सोडावे लागले आणि त्या हॉलंडला गेल्या.

भारताशी त्यांचा धागा तोवर जुळलेला होता. भावनगरला वकिली सोडून शिक्षणाकडे वळलेल्या गिजुभाई बधेका यांनी त्यांचे ग्रंथ वाचून १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले होते. मुंबईच्या ताराबाई मोडक तिथे त्यांच्या सहकारी झाल्या आणि १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. ऑक्टोबर १९३१ मध्ये गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेलेले महात्मा गांधी बाईंच्या शिक्षणवर्गात जाऊन बोलले. पुढे १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची ‘नयी तालीम’ मांडली. दोघांच्या वाटा वेगळ्या होत्या. पण हात रिकामे ठेवून डोके भरता येत नाही, याबद्दल दोघांचे एकमत होते.

थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून १९३९ च्या अखेरीस डॉ. मॉन्टेसरी मारिओसह मद्रासजवळच्या अड्यार येथे आल्या. गिजुभाईंचे त्याच वर्षी जूनमध्ये निधन झाले होते. ज्यांना गुरू मानले, त्यांना त्यांच्या मायभूमीत पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. पहिल्या वर्गाला देशभरातून सुमारे तीनशे विद्यार्थी आले. बाई इटालियनमध्ये बोलत आणि मारिओ इंग्रजीत भाषांतर करत. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरली आणि हे दोघे एका रात्रीत शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. बाईंना अड्यारच्या आवारात राहण्याचे बंधन आले. मारिओ यांना थेट आपल्या अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, नजरकैद छावणीत पाठवण्यात आले.

त्या वर्षी ३१ ऑगस्टला बाईंचा सत्तरावा वाढदिवस होता. त्या दिवशी व्हाइसरॉयची तार आली. वाढदिवसाची भेट म्हणून त्यांचा मुलगा त्यांना परत देत असल्याचे तीत कळवले होते. चाळीस वर्षे जे नाते उघडपणे उच्चारता आले नाही, ते एका सरकारी तारेने उच्चारले. नगरच्या छावणीतून सुटून मारिओ अड्यारला परतले. मायलेकरांनी युद्धाची पुढची वर्षे, काही काळ कोडाईकनालला, भारतीय शिक्षक घडवण्यात घालवली. युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये त्या युरोपला गेल्या, तरी पुन्हा भारतात आल्या आणि १९४८ मध्ये त्यांचा एक वर्ग पुण्यातही झाला.

मात्र या पद्धतीला महाराष्ट्राच्या मातीत रुजवले ते ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी. परदेशी साधने महाग होती आणि त्यांमुळे मॉन्टेसरी म्हणजे पैसेवाल्यांची शाळा, असे समीकरण होऊ लागले होते. सान लोरेन्झोच्या गरिबांसाठी जन्मलेल्या पद्धतीची ही विपरीत गत होती. १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डीला काम सुरू केले. १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर, वारली मुलांमध्ये गेले. बिया, शिंपले, खडे, पाने हीच तिथली साधने झाली. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली गेली; ‘अंगणवाडी’ हा शब्द त्या कामातून आला.

६ मे १९५२ रोजी हॉलंडमधील नूर्डवाइक येथे, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी मारिया मॉन्टेसरी यांचे निधन झाले. ज्या इटलीने त्यांच्या शाळा बंद केल्या होत्या, त्याच इटलीने १९९० मध्ये आपल्या हजार लिराच्या नोटेवर त्यांची छबी छापली.

त्यांच्या साऱ्याच कल्पना काळाच्या कसोटीवर उतरल्या असे नाही. परंतु हाताविषयीचे त्यांचे म्हणणे संशोधकांनी पुन्हा तपासले आहे. फ्रान्समध्ये २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, उठावाची अक्षरे बोटांनी चाचपणाऱ्या बालवर्गातील मुलांना अक्षर आणि ध्वनी यांचे नाते केवळ पाहणाऱ्या मुलांपेक्षा चांगले उमगल्याचे आढळले. अमेरिकेतील २०१२ च्या अभ्यासात, वाचन न शिकलेल्या मुलांच्या मेंदूतील वाचनाशी निगडित भाग स्वतःच्या हाताने अक्षर काढल्यानंतर अधिक सक्रिय झालेले दिसले. कळफलकावर अक्षर दाबल्यानंतर तसे झाले नाही. विशेष म्हणजे छापील रेघेवरून नुसते गिरवूनही तेवढा परिणाम साधला नाही. शिकण्यातली हालचाल मुलाची स्वतःची असावी लागते, असाच याचा अर्थ.

आज आपल्या शहरांत गल्लोगल्ली ‘मॉन्टेसरी’च्या पाट्या दिसतात. हे नाव कुणाच्या मालकीचे नसल्याने ते कुणालाही लावता येते. त्यांतील काही ठिकाणी बाईंचे तत्त्व खरोखर पाळले जाते. पण अनेक ठिकाणी तीन वर्षांची मुले टेबलाशी बसून छापील कागदांवर अक्षरे भरताना दिसतात. त्यात शाळांचाच दोष आहे असे नाही; मूल लिहायला कधी लागणार, ही घाई बहुधा आपली, पालकांची असते. सान लोरेन्झोच्या आयांनीही तीच घाई केली होती. फरक इतकाच, की त्यांना भेटलेल्या डॉक्टर बाईंनी मुलाच्या हाती पेन्सिल देण्याआधी त्याचा हात तयार केला. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी खेळातून, कृतीतून शिक्षणाचा आग्रह धरला आहे. तेव्हा मुलाचे नाव घालायला शाळेत जाल, तेव्हा वह्या पाहू नयेत. मुलांना पाणी ओतू देतात का, खुर्ची उचलू देतात का, बटण लावायला लागेल तेवढा वेळ थांबतात का, हे पाहावे.